माणसामाणसांतला फरक : मानसशास्त्रातील संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राची प्रस्तावना

पुण्यातल्या कात्रजच्या सर्पोद्यानात नागाच्या काचेसमोर माणसे कशी उभी राहतात, हे पाहण्यासारखे असते. एखादे पोर काचेला नाक टेकवून उभे असते, त्याची आई दोन पावले मागे असते, आणि आजी लांबूनच "झाले असेल बघून तर चला आता" म्हणत असते. साप तोच, काच तीच, धोका तिघांनाही नाही. वागणे मात्र तीन तऱ्हांचे. एकाच प्रसंगात माणसे सारखी वागत नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक असते. मानसशास्त्र ते मनावर घेते. हा फरक किती आहे, तो खरोखरचा आहे की त्या दिवशी योगायोगाने दिसला, आणि तो कशामुळे पडला, हे प्रश्न नीट विचारायला शिकणे म्हणजेच संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकणे.

या अभ्यासाकडे येणारे बरेच विद्यार्थी दहावी-बारावीलाच गणिताला रामराम ठोकून आलेले असतात. स्वप्ने, व्यक्तिमत्त्व, समुपदेशन यांच्या ओढीने मानसशास्त्र घ्यावे आणि काही महिन्यांत फळ्यावर प्रमाण विचलनाचे सूत्र उमटावे, तेव्हा फसगत झाल्यासारखे वाटते. त्यांना मनापासून सांगावेसे वाटते, की इथे लागणारे गणित आठवीच्या पुस्तकापलीकडे फारसे जात नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढे आले की सुरुवात होते, आणि मोठी आकडेमोड संगणक करून देतो. संगणकाला जे जमत नाही ते आकडा हाती येण्याच्या आधीचे काम आहे. काय मोजायचे, कोणाचे मोजायचे, कशाशी ताडून पाहायचे, हे ठरवताना डोके लागते आणि मनाचा प्रामाणिकपणाही लागतो.

आधी, मोजायचे काय? उदाहरण कात्रजचेच घेऊ. हे सर्पोद्यान १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. आता ते महापालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. याच खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले होते. त्यांना भीती वाटत नव्हती असे आपण चटकन म्हणतो, तेव्हा आपण त्यांच्या वागण्याची साक्ष काढत असतो. त्या वेळी नाडी किती चालत होती, ही दुसरी साक्ष. त्यांना स्वतःला काय वाटत होते, ही तिसरी. १९६३ मध्ये लँग आणि लाझोविक या अमेरिकन संशोधकांनी सापाला भिणाऱ्या विद्यार्थ्यांवर उपचार करताना नुसते "किती भीती वाटते" असे विचारून भागवले नाही. बंद पेटीतल्या सापाच्या किती जवळ जाता येते, त्याला हात लावता येतो का, हेही त्यांनी पाहिले. पुढे लँग यांनीच दाखवून दिले, की तोंडचे सांगणे, वागणे आणि शरीर या तिन्हींचे एकमेकांशी नेहमी जुळतेच असे नाही. "मला कसली भीती!" म्हणणाऱ्याचे तळहात ओले असतात, आणि घाबरून गेलेली एखादी बाई लेकरासाठी पुढे होते.

म्हणून संशोधक आधी कार्यात्मक व्याख्या करतो. उदाहरणार्थ, या अभ्यासापुरती भीती म्हणजे धामणीच्या काचेपासून माणूस जिथे थांबतो ते अंतर, सेंटिमीटरमध्ये. इतक्या मोठ्या भावनेचे एवढेसे माप पाहून वाईट वाटते, हे मी समजू शकतो. पण या मापाचा एक मोठा गुण आहे. दुसरा कोणीही मोजपट्टी घेऊन येऊन माझे म्हणणे तपासू शकतो. दोन निरीक्षकांनी एकाच माणसाचे अंतर स्वतंत्रपणे मोजले आणि दोघांचे आकडे जुळले, तर माप विश्वसनीय आहे असे म्हणायला आधार मिळतो.

विश्वसनीय माप सप्रमाण, म्हणजे जे मोजायचे तेच मोजणारे, असतेच असे नाही, आणि हा भेद कात्रजइतका चांगला दुसरे कुठले ठिकाण शिकवणार नाही. १६६३ साली पुण्यातल्या लाल महालावर मराठ्यांनी घातलेल्या छाप्यानंतर पाठलागावर निघालेल्या मोगल फौजेला कात्रजच्या घाटात मशाली दिसल्या. मराठे तिकडेच निघाले असे समजून फौज तिकडे धावली. मशाली बैलांच्या शिंगांना बांधलेल्या होत्या, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. मशाली खऱ्या होत्या. दहा जणांनी मोजल्या असत्या तरी दहाही जणांचा आकडा सारखाच आला असता. चुकले ते मशालींवरून काढलेले अनुमान. प्रश्नावलीतले गुण, थांबण्याचे अंतर, परीक्षेतले टक्के या सगळ्या दुरून दिसणाऱ्या मशाली आहेत. गर्दी असली तर न भिणाराही लांब थांबतो, आणि चष्मा विसरलेला भित्राही जवळ जातो. आपण जे मोजले ते नक्की कशाचे चिन्ह आहे, हे दुसऱ्या वाटेने तपासल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

मग कोणाचे मोजायचे? रविवारी सर्पोद्यानात उभे राहून शंभर जणांचे अंतर टिपले आणि "पुणेकर सापाला फारसे भीत नाहीत" असा निष्कर्ष काढला, तर तो पहिल्या पावलालाच लटका पडतो. ज्याला सापाचे चित्रही सहन होत नाही, तो तिकडे फिरकलेलाच नसतो. रविवारची गर्दी सहकुटुंब असते, मधल्या वारी शाळांच्या सहली असतात, बुधवारी उद्यान बंद असते. नमुना निवडताना इतक्या बारीक गोष्टींना महत्त्व येते. कात्रजच्या आसपास सातारा, सांगली, कोल्हापूरकडून शिकायला आलेली मुले मोठ्या संख्येने राहतात. त्यांत कोणी बत्तीस शिराळ्याचा असेल, तर नागपंचमीमुळे नागाशी त्याचे नाते लहानपणापासून वेगळे असणार. शहरात वाढलेल्या त्याच्या वर्गमित्राने साप बहुधा पडद्यावरच पाहिलेला असतो. दोघांना एकाच सरासरीत घालण्याआधी थांबून विचार करावा लागतो.

आजचा विद्यार्थी बहुधा गूगल फॉर्म तयार करतो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो आणि दोन दिवसांत साठ उत्तरे गोळा करतो. शिकण्यासाठी ते ठीकच आहे. मात्र ती उत्तरे त्या गटातल्या, फोन हाताशी असलेल्या आणि मैत्रीखातर फॉर्म भरणाऱ्या विशीतल्या मुलामुलींची आहेत, हे अहवालात स्वच्छ लिहावे. जगभरचे मानसशास्त्रही या दोषातून सुटलेले नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवरून काढलेले निष्कर्ष साऱ्या मानवजातीच्या नावावर खपवले जातात, ही तक्रार २०१० मध्ये हेनरिक, हाइने आणि नोरेंझायन यांनी सविस्तर मांडली. आपल्याकडच्या संशोधकाला त्यात एक संधी आहे. त्याच्या दारात उभी असलेली माणसे अजून नीट मोजलीच गेलेली नाहीत.

कशाशी ताडायचे, हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. सर्पोद्यानात वरचेवर येणाऱ्यांना भीती कमी वाटते असे दिसले, तर येण्याने भीती ओसरली की मुळात भीती कमी म्हणून येणे झाले? दोन गोष्टी किती जोडीने बदलतात हे सांगणारा सहसंबंध गुणांक कितीही मोठा आला तरी याचे उत्तर देत नाही. त्यासाठी प्रयोग मांडावा लागतो. तो कसा असतो ते वेगळ्या, सोप्या प्रश्नावर पाहू: नुसत्या सांगण्याने भीती कमी होते का? आलेल्या माणसांची नाणेफेकीने दोन गटांत विभागणी करावी. एका गटाला सांगावे, "ही धामण आहे, बिनविषारी असते." दुसऱ्या गटाला काहीच सांगू नये. मग दोन्ही गट काचेपासून किती अंतरावर थांबतात ते पाहावे. नाणेफेक केली की धीट आणि भित्रे, शिकलेले आणि न शिकलेले, चष्मेवाले आणि बिनचष्म्याचे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात, आणि उरलेल्या फरकाचे श्रेय त्या एका वाक्याला देता येते. नाणेफेकीच्या ताकदीबद्दल मला आजही आदर वाटतो. आपल्याला ठाऊक नसलेली कारणेसुद्धा ती दोन्हीकडे वाटून टाकते.

या प्रयोगात कोणाशी खोटे बोलावे लागत नाही, हेही मुद्दाम पाहिले आहे. साप काचेबाहेर काढायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा त्याच्यासाठी आहे. माणसाला आधी विचारायचे, "नको" म्हणाला तर आग्रह धरायचा नाही, मध्येच सोडून जावेसे वाटले तर जाऊ द्यायचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीखेरीज, कळत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही मागितला आहे. काचेपासून मागे सरणाऱ्या मुलाला हाताला धरून पुढे ओढणारा संशोधक माझ्या लेखी संशोधक नाही.

आता आकडे. समजा एका गटातले पाच जण ९०, ९५, १००, १०५ आणि ११० सेंटिमीटरवर थांबले, आणि दुसऱ्या गटातले पाच जण ०, २०, १००, १८० आणि २०० सेंटिमीटरवर. दोन्ही गटांची सरासरी १००. सरासरीवरच थांबणारा म्हणेल, गट सारखेच. पण आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन पहिल्या गटाचे सुमारे ८ आहे आणि दुसऱ्याचे सुमारे ९१. पहिल्या गटात एका तऱ्हेची माणसे आहेत. दुसऱ्यात कोणी काचेला चिकटले आहे, कोणी दोन मीटर दूर आहे, आणि सरासरीवर उभा असलेला माणूस एकच आहे. मानसशास्त्राची गोडी मला या ८ आणि ९१ मध्ये वाटते. सरासरी ही गर्दीची गोष्ट सांगते, विचलन माणसांची. म्हणून सरासरी लिहून विचलन न लिहिणारा अहवाल मी अपुरा समजतो.

या विचाराची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि ती बरीचशी मानसशास्त्राबाहेरून आली आहे. कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याकडे गेले की त्या जिल्ह्यात बुध नावाचे गाव आहे. १९११ मध्ये तिथे जन्मलेले पांडुरंग सुखात्मे पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले, १९३६ मध्ये लंडनला डॉक्टरेट मिळवून आले आणि नमुना सर्वेक्षणाच्या शास्त्रातले जगन्मान्य नाव झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. पुण्याला परतल्यावर त्यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. माणसाची उष्मांकांची गरज रोज तीच असते का? एकाच निरोगी माणसाचे खाणे आणि खर्च दिवसागणिक, आठवड्यागणिक वर-खाली होतात. मग एका दिवशी सरासरीपेक्षा कमी खाल्लेल्या प्रत्येकाला कुपोषित म्हणता येईल का? या भूमिकेवरून त्यांचा आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांचा वाद झाला. दारिद्र्याची रेषा कुठे आखायची हे त्यावर अवलंबून होते, त्यामुळे वादाला धार होती. सुखात्म्यांच्या बाजूने गेल्यास भुकेल्यांची संख्या कागदावर घटते, हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. तरीही माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला फरक हे निरनिराळे आहेत, हा त्यांचा मुद्दा मानसशास्त्राने गिरवून ठेवण्यासारखा आहे. प्रतिक्रियाकाळाच्या प्रात्यक्षिकात एकाच मुलीला दहा वेळा दिवा दाखवला तर दहा वेगळे आकडे येतात. ती तीच असते.

दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलायला घेतली, आणि पडताळणीसाठी चलनातली आधुनिक नाणीही हजारोंनी तोलली. नाणे हातोहात फिरत राहिले की झिजते. म्हणून जुन्या नाण्यांचे सरासरी वजन घटते, आणि त्यांच्या वजनांतली तफावत वाढत जाते. त्या घटीवरून आणि तफावतीवरून कोणती नाणी किती काळ फिरली याचा अंदाज त्यांनी बांधला. इतिहासाच्या पुस्तकांत नोंद नसलेली गोष्ट तराजूने आणि तफावतीने सांगितली. याच कोसंबींनी १९५८ मध्ये यू. व्ही. राममोहन राव यांच्यासह पत्ते पिसण्यावर एक शोधनिबंध लिहिला: पत्ते पिसले की ते खरोखरच यादृच्छिक होतात का? हा प्रश्न मानसशास्त्राच्या अगदी जिव्हाळ्याचा होता. अमेरिकेत र्‍हाइन यांच्या अतींद्रिय ज्ञानाच्या प्रयोगांत पाच चिन्हांचे पंचवीस पत्ते पिसून वापरत. पत्ते नीट मिसळलेच नसतील, तर ओळखणाऱ्याला दैवी शक्ती आहे की पत्त्यांना जुना क्रम चिकटून आहे, हे कसे कळणार?

योगायोग किती मोठा असू शकतो, हे समजून घ्यायला पुण्यातच एक सुंदर उदाहरण आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली आणि २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली. हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या: कोणती कोणत्या प्रकारच्या मुलाची, एवढेच सांगायचे. तयारी दाखवलेल्या ५१ पैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. सरासरी १८.४, म्हणजे ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या. तिचे १०२ बरोबर आले.

या आकड्यांशी थोडा वेळ घालवावा. नाणे चाळीस वेळा उडवले तर सरासरी २० छापे येतात, आणि प्रमाण विचलन सुमारे ३.२ असते. २४ किंवा अधिक छापे शंभरात साधारण १३ वेळा निव्वळ योगायोगाने येतात. सत्तावीस जणांनी नाणी उडवली तर तिघा-चौघांना तेवढे मिळावेत, यात नवल नाही. म्हणून त्या २४ ने कोणाला भुलू नये. एकट्या माणसाने २८ आणले असते, तर मात्र कान टवकारावे लागले असते. इतके योगायोगाने यायची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. शून्य परिकल्पना आणि सार्थकता या भारदस्त शब्दांत आहे ते एवढेच.

चलाख विद्यार्थी इथे उलट प्रश्न विचारेल, आणि त्याने तो विचारावाच. सत्तावीस जणांची सरासरी २० च्या ऐवजी १८.४ आली. सूत्रात घातले तर हा फरकही योगायोगाच्या बाहेरचा दिसतो. मग ज्योतिषी नेमाने चुकतात असे म्हणायचे का? घाई नको. सूत्र धरून चालते की प्रत्येक उत्तर दुसऱ्याहून स्वतंत्र आहे. इथे त्याच दोनशे पत्रिका अनेकांकडे गेल्या, आणि बघणारे पुष्कळसे सारखेच नियम लावणारे. एका पत्रिकेने एकाला चकवले तर तिने इतरांनाही चकवले असणार. माहिती दिसते त्याहून कमी आहे. शिवाय २४ जणांनी उत्तरे पाठवलीच नाहीत. ते इतरांसारखेच होते का, हे या आकड्यांतून कळत नाही. चांगला प्रयोगही किती सांगतो आणि कुठे थांबतो, हे त्याच्यावर प्रेम करूनच शिकता येते.

अशी घाई थोरामोठ्यांनीही केली आहे. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी भविष्याची चाहूल लागते असे दाखवणारे प्रयोग एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापले, नेहमीच्याच संख्याशास्त्राने. त्यांची पुनरावृत्ती इतरांना जमली नाही. मग प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहणाऱ्या संशोधकांच्या गटाने २०१५ मध्ये निकाल जाहीर केला: मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत फक्त ३६ टक्के. या विषयात आज पाऊल टाकणाऱ्यापासून मी हे लपवणार नाही. उलट, परिकल्पना आधीच लिहून ठेवणे, कच्ची माहिती खुली करणे, काहीच फरक न सापडलेले अभ्यासही प्रसिद्ध करणे या चांगल्या सवयी त्या धक्क्यानंतरच रुळल्या. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये "अपेक्षित निष्कर्ष आला नाही" असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जाऊ नयेत, असे मला ठामपणे वाटते.

शेवटी एका मुलाचा प्रश्न, कारण या विषयाचे बरेचसे आकडे एखाद्या मुलाच्या नावापुढे लिहिले जातात. बिने यांची बुद्धिमापन चाचणी १९०५ ची, फ्रान्समधली. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली; १९४० मध्ये त्यावरचे त्यांचे पुस्तक आले. कोणता प्रश्न कोणत्या वयाला बसतो, हे त्यांना इथल्याच मुलांवरून नव्याने ठरवावे लागले. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापली. तिच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने गिलफर्ड यांच्या बुद्धीच्या प्रतिमानाच्या आधारे मराठी मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. ही कष्टाची कामे एकदा करून संपत नाहीत. अमेरिकेतले बुद्धिगुणांक दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले. म्हणजे जुन्या प्रमाणकांशी ताडले की आजचे मूल आहे त्याहून वरचढ दिसते, आणि मदतीला पात्र असलेले मूल रेषेच्या वर जाऊन मदतीवाचून राहते.

समजा सातारा रस्त्यावरच्या एखाद्या शाळेतल्या मुलाचा बुद्धिगुणांक ६८ आला. प्रमाणपत्र, सवलती, घरच्यांचे वागणे ठरवताना ७० च्या आसपासच्या रेषेला मोठे वजन असते. चाचणीची विश्वसनीयता ०.९१ असेल आणि प्रमाण विचलन १५, तर मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ येते. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली, तर ढोबळमानाने त्या मुलाचा खरा गुण ५९ ते ७७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे. इतकी चांगली चाचणीसुद्धा याहून नेमके सांगू शकत नाही. म्हणून अहवालात ६८ च्या शेजारी हा पट्टा लिहावा. चाचणी कोणती, तिची प्रमाणके कोणत्या वर्षी आणि कुठल्या मुलांवरून काढली, हेही लिहावे. ते मूल रोजच्या जगण्यात काय काय करू शकते, दुकानातून सामान आणते का, सुटे पैसे मोजते का, बस बदलून घरी येते का, हे स्वतंत्रपणे पाहावे. आणि हे सारे आईवडिलांना समोर बसवून, त्यांना कळेल अशा मराठीत समजावून सांगावे.